हेडचा मुलगा, टेलची मुलगी आणि आफ्रिकेचा वळसा

आधीच सांगतो, माझं शुद्धलेखन कच्चं आहे. ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर वाचणाऱ्यांनी मनात सुधारून घ्यावं. शाळा दहावीला सुटली आणि मोठे शब्द मला येत नाहीत, त्यामुळे जे घडलं ते साध्या शब्दांत लिहितोय. राग मानू नये.

मी एका मालवाहू जहाजावर मेसमन आहे. मेसमन म्हणजे कांदे चिरणारा, ताटं वाढणारा आणि नंतर तीच ताटं घासणारा. जहाजावर किस्से बटाट्याच्या सालींसारखे असतात. रोज बादली भरून समुद्रात टाका, दुसऱ्या दिवशी बादली परत भरलेली. सुट्टीवर आलो की मित्र म्हणतात, सांग की एखादा. पण मला चार माणसांत बोलता येत नाही. तोंड उघडेपर्यंत विषय पुढे गेलेला असतो. कागदाचं बरं असतं, तो थांबतो. जहाजावरचे हे सगळे किस्से एकाच फेरीतले आहेत, आणि त्याच फेरीत माझं लग्न ठरायचं होतं, नाहीतर मोडायचं होतं.

*

आमचं गाव राहुरी तालुक्यात, मुळा धरणाच्या खाली, उजव्या कालव्याला लागून. दहावीनंतर मी नगर-मनमाड रोडच्या एका ढाब्यावर भाकरी थापायचो. तिथे एका गिऱ्हाइकाने सांगितलं की जहाजावर स्वयंपाकघरात काम मिळतं, त्याचा कोर्स असतो. कोर्स केला, नंबर लागला.

गावात बातमी गेली ती मात्र अशी, की किरण नेव्हीत लागला. सरपंचांनी शाळेच्या पटांगणात सत्कार ठेवला. शाल, नारळ, पोरांच्या घोषणा. मला सांगायचं होतं की ते जहाज वेगळं आणि हे वेगळं, पण माइक बघून माझी बोबडी वळली. सरपंचांनी माझ्या खांद्यावर हात ठेवून सगळ्यांसमोर विचारलं, "बंदूक कधी देत्यात?"

मी म्हणालो, "आधी सुरी देतात."

सगळ्यात जास्त टाळ्या त्यालाच पडल्या.

*

मामाने स्थळ आणलं ते शेवगावचं. मुलीचं नाव सारिका. बारावी झालेली, तालुक्याच्या गावी कॉम्प्युटरच्या क्लासमध्ये शिकवते. तिचे वडील, त्यांना सगळे नाना म्हणतात, कालव्यावर पाटकरी होते. पाटकरी म्हणजे शेतकऱ्यांना पाळीपाळीने पाणी सोडून देणारा माणूस.

इथे थोडं समजावून सांगावं लागेल. आमच्या दारातून निघालेला कालवाच पुढे शेवगाव-पाथर्डीकडे जातो. सुरुवातीला आम्ही, म्हणजे हेड. शेवटी ते, म्हणजे टेल. आवर्तन सुटलं, म्हणजे धरणातून कालव्याला पाणी सोडलं, की हेडवाले कालव्यात पाइप टाकून पाणी ओढून घेतात. त्या पाइपाला आमच्याकडे डोंगळा म्हणतात. सगळे डोंगळे पाणी पिऊन झाले की उरेल ते टेलला. बहुतेक वेळा उरत नाही. आणि नानांनी सगळी नोकरी टेलला काढलेली.

पोहे आले. नानांनी गाव विचारलं. मामाने सांगितलं. नानांनी हातातली बशी खाली ठेवली.

"म्हंजी हेडचं," ते म्हणाले.

आमच्या दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, पोह्यात लक्ष घातलं.

मामा सावरायला गेला. म्हणाला की मुलगा तर कायम पाण्यातच असतो.

"खाऱ्या," नाना म्हणाले. "त्याच्यावर कांदा येत न्हाई."

मग आम्हा दोघांना बोलायला म्हणून पडवीत बसवलं. मी वर पंख्याकडे बघत बसलो. सारिका माझ्याकडे बघत बसली. बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "पंखा चांगला चालतो आमचा."

मी म्हणालो, "हो."

एवढंच आमचं बोलणं.

निघताना नानांनी निकाल दिला. मुलगी मुलाला नको म्हणाली नाही, पण हो पण म्हणाली नाही. तेव्हा आखितीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, सुपारी फोडू, पण मुलगा समोर हजर पाहिजे. "हेडवाल्याचा शब्द टेलपतुर पोचतो का, ते मला मरायच्या आत एकदा बघायचंय. न्हाई पोचला, तर वळख झाली असं समजू, राग न्हाई."

माझं कॉन्ट्रॅक्ट आखितीच्या आधी संपत होतं. मी मान हलवली. बोलायला नको म्हणून मी कशालाही मान हलवतो.

*

जहाजावर मला जवळची तीन माणसं. कॅप्टन साहेब केरळचे, उंच, शब्द मोजून वापरणारे. चीफ कुक डिसूझा अंकल गोव्याचे, माझे थेट साहेब. आणि बोसन उस्मानकाका दापोलीकडचे. बोसन म्हणजे डेकवरच्या माणसांचा मुकादम. त्यांच्या घरातले पुरुष आजोबांपासून जहाजावर. मराठी बोलायला मला तेवढेच. बाकी सगळं हिंदीत चालायचं, मी इथे मराठीत लिहितोय.

विषुववृत्त पहिल्यांदा ओलांडणाऱ्याची जहाजावर फजिती करायची, अशी जुनी रीत आहे. उस्मानकाकांनी पोछ्याची दाढी लावली आणि ते समुद्राचे राजे झाले. माझ्यावर आरोप ठेवला की हा पोरगा वरणात जास्त मीठ टाकतो आणि कुणाशी बोलत नाही. शिक्षा म्हणून माझं डोकं आणि मिशी साफ. वर डिसूझा अंकलनी माझ्याच मोबाईलवरून माझा फोटो स्टेटसला टाकला.

तो सारिकाने बघितला आणि घरात दाखवला. आता डोकं आणि मिशी दोन्ही काढलेलं पोरगं म्हणजे आमच्याकडे एकच अर्थ. बाप गेला. असली गोष्ट फोनवर कोण विचारणार? नाना आणि सारिकाची आई दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीने आमच्या गावी निघाले. वाटेत नानांनी कुणाला सांगितलं म्हणे, हेडचा असला तरी माणूस होता.

ते आमच्या वस्तीवर पोचले तेव्हा दादा बाजेवर बसून कालव्याचा डोंगळा दुरुस्त करत होते.

नाना उभेच राहिले. आईने पाणी दिलं. मग दादांनी विचारलं, "कसं येनं केलं?"

"तब्येत बघाय आल्तो."

"चांगली हाय की."

"दिसतीया," नाना पाइपाकडे बघत म्हणाले.

मामाने मला फोनवर हे सगळं सांगितलं आणि शेवटी म्हणाला, "आरं, रडाय आलेला मानूस चिडून गेला."

*

त्यानंतर आम्ही पनामाच्या कालव्यापाशी पोचलो. तिथे एवढी जहाजं थांबलेली, की कारखान्याच्या गेटवर उसाच्या ट्रॅक्टरांची रांग आठवावी. कारण विचारलं तर कळलं, पाऊस कमी झालाय आणि वरच्या तलावात पाणी नाही. पनामाचा कालवा म्हणजे पाण्याचा जिना आहे. जहाज एका हौदात घ्यायचं, दार लावायचं, पाणी सोडायचं, जहाज वर उचललं जातं. मग पुढचा हौद. वर तलाव, पलीकडे परत तसाच जिना उतरायचा. ते सगळं पाणी त्या तलावातलं, पावसाचं.

सारिकाने तोपर्यंत मला बरेच मेसेज पाठवले होते. मी प्रत्येकाला अंगठा पाठवायचो. एकदा तिने लिहिलं, "तुमचा अंगठा दुखत नाही का?" त्यावर काय पाठवावं कळेना, म्हणून मी परत अंगठाच पाठवला. पण पनामात मला काहीतरी सांगण्यासारखं सापडलं. मी तिला लिहिलं, इथे धरणात पाणी नाही म्हणून आमची पाळी थांबली आहे.

थोड्याच वेळात फोन वाजला. नाना. मुंडणाच्या प्रकारानंतर पहिल्यांदाच. त्यांनी माझी चौकशी केली नाही, थेट कामाचं विचारलं. आवर्तन कोण ठरवतं, नंबर कसा लागतो, गेट कुणाच्या ताब्यात, मधे कुणी पाणी उचलतं का. मला जेवढं ठाऊक होतं तेवढं मी हो-नाही करत सांगितलं. मग त्यांनी विचारलं की जहाज खाली उतरलं की ते हौदातलं पाणी कुठे जातं.

मी म्हणालो, समुद्रात.

"गोडं पानी?"

"हो, नाना."

"कडंला एखादं शेत न्हाई?"

"नाही, नाना. थेट समुद्रात."

"परतेक जहाजाला?"

"प्रत्येक."

फोन कट झाला. मला वाटलं रेंज गेली. संध्याकाळी सारिकाचा मेसेज आला. "नाना जेवले नाहीत. ओट्यावर बसून आहेत. म्हणतात, त्यांच्यापेक्षा हेडवाले बरे."

डिसूझा अंकलना मी ते वाचून दाखवलं. त्यांनी त्या दिवशी मला कांदे चिरायला लावले नाहीत.

*

युरोपात माल उतरवला आणि एका बंदरात आमच्या जहाजात खत भरलं. ते खत गुजरातमधल्या बंदरात उतरवायचं, आणि मी तिथेच उतरून घरी जायचं. सुएझच्या कालव्याने गेलं की आखितीच्या कितीतरी आधी मी शेवगावात. मी मामाला फोन करून सांगितलं की आमचं जहाज खत घेऊन तिकडेच येतंय.

मामाने जहाज कधी पोचणार ते विचारलं नाही. तो म्हणाला, "युरिया हाय का? दोन गोन्या बाजूला काढून ठिव."

मी म्हणालो, मामा, ते सुटं भरतात, गोणी नसते.

"मग पिशवी ने."

*

सुएझच्या तोंडाशी जहाजं नांगर टाकून पाळीची वाट बघतात. तिथे छोट्या होड्यांतून विकणारे येतात. खालून ओरडून वस्तू दाखवायची, वरून दोरीला टोपली सोडायची. पैसे खाली, वस्तू वर. वस्तू आधी की पैसे आधी, यावर उस्मानकाकांची आणि त्यांची दर वेळी भांडणं.

मला सारिकासाठी एक ओढणी घ्यायची होती. निळी, कडेला सोनेरी नक्षी. मी वरून नुसतं बोट दाखवलं. होडीवाल्याने किंमत ओरडली. मला भाव करता येत नाही. राहुरीच्या बाजारात मी मेथीची जुडी सांगेल त्या भावाने घेतो, आई अजून बोलते. मी काहीच न बोलता टोपलीची दोरी धरून उभा राहिलो. होडीवाल्याने माझ्याकडे बघितलं आणि किंमत कमी केली. मला आणखीच लाज वाटली, मी खाली मान घातली. त्याने आणखी कमी केली. मग तो त्याच्या भाषेत देवाला काहीतरी म्हणाला, ओढणी टोपलीत टाकली आणि हाताने इशारा केला, की दे काय द्यायचं ते.

उस्मानकाका माझ्या मागे उभे राहून बघत होते. ते म्हणाले, "माझी सगळी हयात ओरडण्यात गेली रे."

त्यानंतर जहाजावरच्या सगळ्यांनी आपापली खरेदी माझ्याकडे दिली. मी दोरी धरून फक्त उभा राहायचो.

*

त्याच दिवशी संध्याकाळी कॅप्टन साहेब स्वतः मेसमध्ये आले. असं कधी होत नसे. ते म्हणाले, तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले होतायत, कंपनीने कळवलंय की आपण कालव्याने जायचं नाही. आफ्रिकेला वळसा घालून जायचं.

मी ताटं गोळा करत होतो. मला वळसा म्हणजे किती ते कळलं नव्हतं. डिसूझा अंकलनी एक चपाती घेतली, तिचे कडेचे तुकडे तोडून आफ्रिकेचा आकार केला आणि माझ्यासमोर ताटात ठेवली. वरच्या कोपऱ्यात सुरीने बारीक चीर दिली.

"हा कालवा. एवढीच चीर. इथून गेलो की झालं." मग चपातीच्या सगळ्या कडेने बोट फिरवत आणलं, खाली टोकाला वळसा, परत वर. "आता हे."

"आखिती?" मी विचारलं.

अंकलनी चपातीकडे बघितलं आणि उत्तर द्यायचं नाही म्हणून खाऊन टाकली.

*

सारिकाने नानांच्या मोबाईलवर एक ॲप टाकून दिलं होतं. त्यात नकाशावर जहाजं दिसतात, बाणासारखी. शेवगावात आमचा बाण सगळे रोज बघायचे. चहाच्या टपरीवर तो कार्यक्रमच झाला होता. मामाही मोटारसायकलवर बसून खास बघायला जायचा.

आमचा बाण कालव्याच्या तोंडाशी थांबलेला सगळ्यांनी बघितला. आणि मग तो उलटा फिरला.

मामाचा फोन आला. "आरं किरण, गाडी उलटी का चालली?"

मी सांगायच्या आतच मागून टपरीवरचा आवाज आला, "हेडवाला पळाला."

तो आवाज नानांचा नव्हता, पण नानांनी त्याला खोडलंही नव्हतं. मामा म्हणाला, नाना नुसते उठले आणि घरी गेले.

त्या आठवड्यात मला ताटं हातातून निसटायला लागली. सारिकाने मात्र क्लासमधल्या कॉम्प्युटरवर नानांना बसवून मोठा नकाशा दाखवला, बातम्या वाचून दाखवल्या. नानांना पटलं. इतकं पटलं की टपरीवर दुसऱ्यांना तेच समजावून सांगायला लागले. "मेन कॅनॉल बंद हाय. वढ्यानाल्यानं यावं लागतंय. कुनाची हौस न्हाई." पण मामाने हळूच तारखेचं काढलं तेव्हा म्हणाले, "त्ये खरं हाय. पण टेलला पाळी ती पाळी. चुकली की चुकली. मी कुनाला वाढवून दिली न्हाई, आता जावयाला दिऊ?"

मामा म्हणाला, "पोरा, वाईट वाटून घेऊ नको. त्यांनी जावई हा शब्द वापरला."

*

आफ्रिकेच्या पश्चिमेला जहाज किनाऱ्यापासून लांब जातं आणि ते फुकटचं ॲप तिथलं दाखवत नाही. बाण शेवटी जिथे दिसला तिथेच राहतो. आमचाही बाण तसाच थांबला. टपरीवर दोन पक्ष पडले. एक म्हणे बुडालं, एक म्हणे बुडालं असतं तर टीव्हीवर आलं असतं.

नेट आलं तेव्हा मामाचे मेसेज एकदम पडले. पहिला, "जहाज का थांबलंय?" दुसरा, "बोल की." तिसरा, "डिझेल संपलं का?" चौथा, "पंक्चर असंल तर तसं सांग."

*

आखितीच्या दिवशी आम्ही हिंदी महासागरात होतो. घर अजून लांब. शेवगावात नानांच्या अंगणात सतरंजी टाकलेली, माझे आईदादा आणि मामा सकाळीच पोचलेले. पण नाना म्हणत होते की बसा, जेवा, सुपारीचं मात्र बघू. मामाने मला मेसेज केला, "व्हिडिओ लाव. काहीतरी कर."

मी काय करणार होतो? मी पीठ मळत होतो. पण डिसूझा अंकल वर जाऊन कॅप्टन साहेबांना सगळं सांगून आले होते. मला ब्रिजवर बोलावलं. ब्रिज म्हणजे जहाज चालवतात ती वरची खोली. तिथे बघतो तर कॅप्टन साहेब पांढऱ्या शर्टात, खांद्यावर पट्ट्या लावून उभे. एवढे दिवस मी त्यांना अर्ध्या चड्डीत चहा दिला होता. उस्मानकाकांनी डोक्याला तेल लावलं होतं.

फोन लागला. पडद्यावर नाना, मागे माणसंच माणसं. उस्मानकाकांनी माझ्या वतीने सुरुवात केली. सलाम केला, म्हणाले की पोरगा चांगला आहे, मी त्याचं मुंडण केलंय, मला माहीत आहे. नाना म्हणाले, सगळं खरं, पण मुलगा हजर पाहिजे असं ठरलं होतं, आणि मुलगा हजर

आणि पडदा गोठला. नानांचं तोंड उघडं, हात वर.

कॅप्टन साहेबांनी समजावलं की अँटेना आकाशातल्या एका ठिकाणी बघत असते, आणि आता आपण ज्या दिशेने चाललोय त्यात मधे आपलंच धुराडं येतंय. काही करता येणार नाही. मग त्यांनी दुर्बीण उचलली, चारी बाजूंना समुद्र बघितला. कुठे काही नव्हतं. मग सुकाणूवरच्या माणसाला म्हणाले, दहा डिग्री डावीकडे.

पोटात खताचा डोंगर घेतलेलं ते जहाज हळूहळू वळलं. कपाटातले कप एका बाजूला सरकले. नानांचा हात खाली आला.

उस्मानकाका फोनवर म्हणाले, "नाना, तुमच्या सुपारीसाठी अख्खं जहाज वळवलंय हो."

अंगणात कुजबुज झाली. नाना फोनच्या जवळ आले. त्यांनी विचारलं, हा जहाजाचा मोठा साहेब कोण? कॅप्टन साहेब पुढे झाले. नाना मराठीत बोलत होते, पण कॅप्टन साहेबांकडेच बघून.

"साहेब, ह्ये सुटलंय ते हिकडंच येनार ना? मधी कुठं थांबनार न्हाई?"

उस्मानकाकांनी हिंदीत सांगितलं. कॅप्टन साहेब म्हणाले, सरळ, मधे एकही बंदर नाही.

उस्मानकाका नानांना म्हणाले, "मधे एकही डोंगळा नाही."

मी त्यांना डोंगळ्याचं कधी सांगितलं होतं तेच मला आठवत नव्हतं. अंगणात दादांनी मान खाली घातली. नाना मागे वळून सगळ्यांना म्हणाले, "गेटातनं सुटलेलं पानी वाटंत असलं, तर ज्याची पाळी त्याची बुडाली म्हनत न्हाईत. पानी येस्तवर धरत्यात. टेलला ह्योच कायदा हाय. फोडा सुपारी."

तिकडे सुपारी फुटली. जहाजावर सुपारी नव्हती. डिसूझा अंकलनी जायफळ आणलं होतं. ते उस्मानकाकांनी गंज काढायच्या हातोड्याने फोडलं आणि अर्धं कॅप्टन साहेबांच्या चहात जाऊन पडलं. साहेबांनी चहा प्यायला आणि म्हणाले, चांगला लागतोय. सगळे माझ्या पाठीत धपाटे मारत होते.

तेवढ्यात तिकडे फोन कुणीतरी हातात घेतला. सारिका होती.

"झालं सगळ्यांचं बोलून?" ती म्हणाली. आवाज अगदी शांत. "बोसनकाका बोलले, कॅप्टन साहेब बोलले, नाना बोलले. सुपारी नानांनी फोडली, ती त्यांची. ज्यांच्याशी लग्न करायचं त्यांचा आवाज मी अजून नीट ऐकलेला नाही. मला त्यांनी स्वतः विचारावं, मग मी सांगेन."

उस्मानकाकांनी फोन माझ्या तोंडासमोर धरला. मी श्वास घेतला. मला खरंच बोलायचं होतं, शब्दसुद्धा जिभेवर आले होते. मी तोंड उघडलं.

सुपारी फुटली म्हणजे काम झालं, असं समजून कॅप्टन साहेबांनी मघाशीच जहाज मूळ रस्त्यावर घ्यायला सांगितलं होतं. पडदा गोठला. कोपऱ्यातल्या छोट्या चौकोनात मी, तोंड उघडलेलं.

नेट दिवसभर आलं नाही. मी चपात्या केल्या, त्या जळाल्या, सगळ्यांनी तशाच खाल्ल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कुणी न बोलावता चहा घेऊन ब्रिजवर गेलो. कॅप्टन साहेब दुर्बीण लावून उभे होते. मी कप ठेवला आणि म्हणालो, "सर, परत दहा डिग्री पाहिजेत."

त्यांनी दुर्बीण खाली न घेता विचारलं, "किती वेळ?"

"मला बोलायला जरा वेळ लागतो, सर."